पुरवून वापरलेलं ग्रंथालय

मी एक पांढरी डबी आहे. दिसायला पोह्यांच्या डब्याहून लहान, पण माझ्या पोटात हजारो पुस्तकं आणि शाळेचे धडे आहेत. इंटरनेट नसलं तरी चालतं. जवळ यायचं, फोन माझ्या वायफायला जोडायचा आणि वाचायचं किंवा धडे पाहायचे.

धरमपेठेतल्या एका खोलीत, खेड्यांतल्या वाचनालयांसाठी काम करणाऱ्या मिनलने मला जुळवलं आणि सावनेरच्या पुढच्या एका गावात, वाचनालयात आणून ठेवलं. गावामागे खाणीच्या मातीचे ढीग. त्यांच्याआड रेंज येत नाही. मिनल घाईत होती. चालू-बंद कसं करायचं तेवढं दाखवून ती शेवटच्या एसटीने गेली. वाचनालय सांभाळणारे चंपतराव माझे धनी झाले.

त्यांनी मला जिवापाड जपलं, आणि तिथेच घोळ झाला. सावनेरला गेलं की त्यांच्या फोनचा इंटरनेट पॅक दुपारीच संपायचा. मीही तशीच संपेन, आणि इथे पुन्हा भरायला रेंज कुठली, असं ते धरून चालले. म्हणून माणशी रोज एकच धडा. मग मला बंद करून वर टॉवेल.

"कोंबडी आहे काय गा ते, झाकून ठेवून राहिला?" शेजारचा लहानू विचारायचा.

"तुह्या हाती दिलं तर दोन दिवसांत रिकामं करशीन," चंपतराव म्हणायचे.

गावातली पायल नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होती. शिकवणी लावायची ऐपत नव्हती. तिची सगळी भिस्त माझ्यावर.

"काका, परीक्षा आठवड्यावर आली. हृदयाचा धडा मले पुन्हा पाहा लागते. समजूनच नाही राहिला."

"एकडाव पाहिला ना वं? पुढचे धडे संपले तर काय करशीन? तुह्याचसाठी राखून राहिलो."

पायल उठून गेली. धडा माझ्या पोटात जसाच्या तसा होता, पण मला तोंड कुठलं?

दुसऱ्या दिवशी मिनल नवी पुस्तकं भरायला आली. पायलही आली होती. चंपतरावांनी दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, किती उरलं?"

"काय उरलं, काका?"

"आतलं. या पोरीच्या परीक्षेपर्यंत पुरते ना?"

मिनलला कळायला जरा वेळ लागला. "काका, पुस्तक वाचून त्यातली अक्षरं कमी होतात का? हेही तसंच आहे."

चंपतराव खुर्चीत बसले. पायलकडे पाहायचा त्यांना धीर होईना.

"काका, तुम्ही एक तरी धडा पाहिला काय?" तिनेच विचारलं.

"नाही वं. तुले कमी पडला असता."

पायलने हसत डोळे पुसले आणि मला चालू केलं. हृदयाचा धडा तिने समजेपर्यंत पाहिला. परीक्षेत त्यावर प्रश्न होता. तो नीट सोडवला, असं सांगायला ती आधी वाचनालयात आली, मग घरी गेली.

आता मी दिवसभर चालू असते. तापले तर थोडा विसावा द्या, पण मला राखून ठेवू नका, एवढंच मागणं.

काल चंपतरावांनी पहिल्यांदा स्वतःसाठी काही लावलं: संत्र्याची कलमं कशी बांधायची. पाहून झाल्यावर त्यांनी दाराकडे बघितलं आणि तोच धडा पुन्हा लावला. शेवटपर्यंत पाहिला. सगळा होता.