दिवाणाची चंदी

दत्तात्रेयाने सुपारी बघायचं कबूल केलं, नारळ बघायचं कबूल केलं, मागीलदारच्या अळूलासुद्धा पाणी घालीन म्हणाला. पण घोड्याचं नाव निघताच त्याने पायांत वहाणा घातल्या.

"काकू, घोडा सोडून काय ते सांग," असं म्हणून तो गेलासुद्धा.

हा दत्तात्रेय आनंदीबाईंच्या धाकट्या दिरांचा मुलगा. चौलातली वाडी आता त्याच्यावर सोपवून आनंदीबाई चार दिवसांनी रेवसच्या बोटीने मुंबईला जाणार होत्या, कायमच्या. मुलगा कचेरीत कारकून. दादरला दोन खोल्या, खोल्यांत पाच माणसं, आणि आता सहावी आई. घोड्याचं काय करायचं हा प्रश्न मुलाने पत्रात विचारला नव्हता. बहुधा त्याला वाटलं असावं, घोडा एव्हाना मेला असेल.

घोडा मेला नव्हता. पंचविशी उलटून गेली तरी दिवाण गोठ्यात आपल्या खुंट्याला उभा होता. एके काळी तो पांढराशुभ्र होता म्हणे, आता जुन्या धोतरासारखा पिवळट पडला होता. पुढचे दात पडले, मागचे झिजले. पेंढा चावता येत नाही म्हणून आनंदीबाई रोज सकाळी स्वतःच्या चहाआधी त्याचे कुळीथ शिजवत, ते हाताने कुस्करून भिजवलेल्या कोंड्यात कालवत आणि वर गुळाचा खडा घालत. ह्या वयात घोडा सांभाळणं म्हणजे नातवंड सांभाळण्यासारखंच. फरक इतकाच, की नातवंड मोठं होऊन आपल्या हाताने जेवतं.

घोडा होता त्यांच्या यजमानांचा. विश्वंभरपंतांना अख्खा गाव दादा म्हणे. दादांना जाऊन दोन वर्षं होत आली. ते गेले आणि पुढच्याच साली, सत्तावन्नात, कुळकायद्याने भातशेती कसणाऱ्यांच्या नावावर झाली. दादा असते तर त्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या आणि हरून घरी येऊन पोरांवर ओरडले असते. आनंदीबाईंनी सांगितलं तिथे सही केली. कसेल त्याची जमीन, ह्यात त्यांना फारसं वावगं दिसलं नाही. पण जमिनीबरोबर पेंढा गेला, कोंडा गेला, कुळीथ गेले, हे त्यांना गोठ्यात उभं राहिल्यावर कळलं. मुलाची मनिऑर्डर यायची, तीत एका बाईचं पोट भरे. एका घोड्याचं भरत नसे.

रेवदंड्याचा टांगेवाला भिकू येऊन बघून गेला होता. त्याने दिवाणाचा जबडा उघडला, आत डोकावला आणि सावकाश मिटला.

"धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हनतात, काकू. पर ह्याला मोजायला तरी कुटं हायत?"

"ओढायला नको रे लावूस. नुसता ठेव."

"नुसता ठेवायला मला कोन ठेवतंय? यष्टी सुरू झाल्यापासनं माजंच घोडं अडलंय." मग त्याने मान खाजवली आणि आवाज बारीक केला. "अलिबागेत एक जन हाय. म्हातारी जनावरं घेतो. कशाला घेतो, त्ये मला विचारू नका."

आनंदीबाईंनी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही त्या ताटावरून तशाच उठल्या. नवरा गेला तेव्हा रडायला सगळं गोत जमलं होतं. ह्या दुःखाला कुणी आलं नसतं, उलट हसले असते. म्हणून त्या गोठ्यात जाऊन रडल्या.

आणि तिथेच त्यांना कोंडाजी आठवला.

कोंडाजी म्हणजे कातळपाड्याचं त्यांचं कूळ. म्हणजे होतं, आता मालक. दर वर्षी भाताची झोडणी झाली की दादा दिवाणावर बसून त्याच्या खळ्यावर खंडाचं, म्हणजे मालकाच्या वाट्याचं भात मोजून घ्यायला जात आणि दिवेलागणीला परतत. चहा पिता पिता सांगत, "कोंडाजीकडे आपल्या दिवाणाचे काय ते लाड. मी खाली उतरायच्या आत सूपभर भात त्याच्या पुढ्यात. मला पाणीसुद्धा त्याच्यामागून." वीस वर्षं आनंदीबाईंनी हे ऐकलं होतं, आणि दर वेळी त्यांना त्या खळ्यावरच्या माणसांबद्दल बरं वाटलं होतं. मग एवढे दिवस आपण दारोदार का हिंडलो? जिथे जनावरावर माया आहे, तिथेच आधी जायला हवं होतं. आपल्या बुद्धीची त्यांना कीव आली.

निरोप धाडायला माणूस नव्हता आणि वेळही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुळथाचं शिल्लक पोतं दिवाणाच्या पाठीवर टाकलं, दोर हातात घेतला आणि घराला कडी घातली.

तीन मैल चालायचं होतं. लग्न होऊन चौलात येऊन त्यांना बेचाळीस वर्षं झाली होती, पण कातळपाड्याचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. बायकांनी कुळांच्या गावी जायची रीत नव्हती. वाट त्यांना ठाऊक नव्हती, घोड्याला होती. सडक ओलांडल्यावर तो डावीकडे वळला, त्याही वळल्या. कापलेल्या शेतांतून, बांधावरून, मध्येच उभं राहून दम खात दोघं चालली. एकदा दिवाण थांबला, तर आनंदीबाईंनाच हायसं वाटलं. त्याचे गुडघे जास्त दुखत होते की आपले, असं त्यांच्या मनात आलं, आणि कित्येक दिवसांनी त्यांना हसू आलं.

दिवाणाने त्यांना कोंडाजीच्या घरी नेलं नाही. त्याने सरळ खळ्यावर नेलं.

खळ्यात भात झोडत होते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मधोमध रास पडलेली, वाऱ्यावर भुसा उडत होता, पाच-सहा माणसं काहीतरी बोलून हसत होती. टापा ऐकू आल्या तसं हसणं थांबलं. मग झोडणी थांबली. आनंदीबाई वळणावरून दिसू लागल्या तेव्हा सगळी उभी होती. एका बाईने बाजूचं गोणपाट ओढून रास झाकून टाकली.

एक काळा, किडकिडीत माणूस पुढे आला. डोक्याचं फडकं त्याने काढून हातात घेतलं होतं.

"आई, तुमी? पायी आलाव?"

हाच कोंडाजी. कधीमधी भाताच्या गाडीबरोबर वाडीच्या दाराशी त्याला त्यांनी पाहिलं होतं. त्याने घोंगडी झटकून अंथरली. आनंदीबाई टेकल्या. गोणपाट ओढणारी बाई, त्याची बायको मनुबाई, तांब्याभर पाणी ठेवून बाजूला उभी राहिली. आनंदीबाई वाटभर जुळवलेली वाक्यं मनात पुन्हा लावू लागल्या.

तेवढ्यात खोपीच्या कुडाला टेकून बसलेली एक म्हातारी उठली. ती कोंडाजीची आई रंगू. तिला दिसत नव्हतं. हाताने चाचपत ती राशीपाशी गेली, गोणपाट बाजूला सारलं, सूप भरलं आणि घोड्याच्या श्वासाच्या रोखाने येऊन बरोबर त्याच्या तोंडापुढे ठेवलं.

"दादा आलं नव्हं?" ती म्हणाली. "सूप दिलंय, दादा. आता माप जरा हलक्या हातानं धरा."

"आये, दादा न्हाईत," कोंडाजी म्हणाला. "दादा गेलं. बस तू."

आनंदीबाईंनी यातलं निम्मंच ऐकलं. त्यांना दिसलं ते एवढंच, की एका आंधळ्या म्हातारीने नुसत्या टापांवरून घोडा ओळखला आणि त्याला खायला घातलं. आपण योग्य घरी आलो.

"किती माया लावलीत हो तुम्ही ह्याला," त्या म्हणाल्या. "हे नेहमी सांगायचे. मला वाटायचं, वाढवून सांगतात."

मनुबाई हसली. ते हसणं ऐकून आनंदीबाईंनी मान वर केली.

"माया कसली, बाय? ती चंदी."

"मने, गप," कोंडाजी म्हणाला.

"का गप? इचारलंय तर सांगते." मनुबाईचा आवाज चढला नव्हता. "घोड्याची चंदी दिल्याबिगर दादा खाली उतरत नसत. खळ्याभवती घोडा फिरवीत ऱ्हायचे. सूप पुढ्यात आलं की मग उतरायचे, आन् मग मापाला बसायचे. आमच्या सासूला ही रीत दादांच्या वडलांच्या वक्ताला तिच्या सासूनं दिली, मला हिनं दिली."

मनुबाईला आता थांबवत नव्हतं. इतकी वर्षं ज्याला सांगायचं त्याच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं, आणि आज समोर एक ऐकणारी बसली होती.

"ज्या साली खाडीचा बांध फुटला आन् शेतात खारं पानी शिरलं, त्या साली सगळी मिळून येवढीशी रास. माजी लेक तापानं पडलेली, पेज मागत व्हती. तरी सूप दिलंच. हा पोटभर खाऊन गेला, आन् ह्याच्या तोंडातनं सांडलेलं भात मी धुळीतनं दाना दाना येचलं. त्याची पेज केली. लेक न्हाय राहिली, त्ये येगळं. तिचं मरन ह्याच्या माथी मारत न्हाय मी. जनावर हाय, त्याला काय कळतं?"

"मला ठाऊक नव्हतं," आनंदीबाई म्हणाल्या.

"तुमाला कसं ठाव असंल? तुमच्या घरी भात निवडून यायचं."

सगळ्यांच्या नजरा दिवाणाकडे गेल्या. तो बिचारा जुन्या ओळखीने सुपात तोंड खुपसून उभा होता. भात तोंडात घेत होता, हिरड्यांनी घोळवत होता, आणि चावता न आल्याने लाळेबरोबर खाली सोडत होता. टपटप दाणे धुळीत पडत होते. ही त्या माणसांची पहिली रास होती, जी कुणाला वाटून द्यायची नव्हती. आनंदीबाईंना वाटलं, उठावं आणि त्याचं तोंड हाताने बंद करावं.

"घोडा हिकडं कसा आनलाव, आई?" कोंडाजीने शेवटी विचारलं. विचारताना त्याची नजर पाठीवरच्या पोत्यावर होती. त्याला कळलं होतं.

खोटं बोलायला जागा नव्हती. परवा मुंबईला जाते, त्यांनी सांगितलं. घोडा ठेवायला कुणी नाही. तुमच्याकडे ठेवावा म्हणून आणला होता. "पण आता तू नाही म्हण, कोंडाजी. मला राग यायचा नाही. मी आणला तसा परत नेते."

परत कुठे नेणार, हे त्यांनी सांगितलं नाही. अलिबागेचा तो माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे उभा होता. त्याचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता, तरी उभा होता.

कोंडाजी हातातलं फडकं पिळत राहिला. कायद्याने सातबाऱ्यावरचं नाव बदललं होतं. पण थोरल्या घरच्या बाईला नाही कसं म्हणायचं, ते काही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. त्याच्या बापाने कधी म्हटलं नव्हतं, आज्याने म्हटलं नव्हतं. तोंडात तो शब्दच नव्हता.

"तुमी दारात आलाव," तो म्हणाला. "ठेवा."

"अरे, तुला परवडायचा नाही. नाही म्हण."

"ठेवा, आई."

आनंदीबाई मनुबाईकडे बघू लागल्या. ती तरी नाही म्हणेल, अशी आशा त्यांना होती. आणि ती म्हणेल, अशी भीतीही तेवढीच होती. मनुबाई नवऱ्याकडे बघत होती. मग तिने सूप उचललं, उरलेलं भात राशीत ओतलं आणि विचारलं, "खातो काय हा?"

"कुळीथ शिजवून लागतात," आनंदीबाई म्हणाल्या. "दोन शेर. कुस्करून. कोंडा भिजवून त्यात कालवायचे, वर थोडा गूळ."

बोलता बोलता त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. घोड्यावर बसून कुणीतरी खाली उभ्या असलेल्या माणसांना सांगावं, तसा तो आवाज होता.

"गूळ नसला तरी चालतं," त्या घाईने म्हणाल्या.

मनुबाईने रिकामं सूप झटकलं.

"कुळीथसुद्धा दोन शेर नकोत. शेरभर पुरतात. हे पोतं आहेच, पंधरा दिवस जातील. मग नसले, तर नुसता कोंडा भिजवून घाल. घरात सांडलवंड, पेजेचं पाणी, काहीही. तो कुरकुर करत नाही."

त्याच्या ताटातला एकेक पदार्थ त्या आपल्या हाताने काढून घेत होत्या. काढायला आणखी काही उरलं नाही, तेव्हा त्या थांबल्या. दिवाण रिकाम्या जागेवरची धूळ हुंगत होता.

"आन् किती दिस?" मनुबाईने विचारलं. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. घरात माणसं किती, भात किती, पाऊस किती लांब, ह्याचा हिशोब करणाऱ्या बाईने विचारावा, तसाच प्रश्न होता तो. "पावसाळा काढंल?"

"छे," आनंदीबाई म्हणाल्या. "होळीच्या आत जाईल बघ. थंडीच सोसायची नाही त्याला. फार दिवस नाही व्हायचा तुम्हांला त्रास."

मनुबाईने मान हलवली आणि दोर आपल्या हातात घेतला. तिच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. ती सैल झालेली पाहून आनंदीबाईंना बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं, हे तीन मैलांच्या परतीच्या वाटेवर त्यांना सोसवेना.