भिंतीतली फळी

मिस्त्रीने बाथरूमच्या भिंतीवर बोटांची पेरं आपटली. पोकळ. वीतभर खाली आपटली, तिथंही रिकामा डबा वाजावा तसा आवाज. मग समोरच्या भिंतीवर आपटली, जिथं फळीचं काहीच काम नव्हतं. तिथून भरीव, दमदार आवाज आला.

"मेलो," मिस्त्री स्वतःशीच म्हणाला.

बाहेर ट्रेलर येऊन लागला होता. खोली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तयार होती. ते फाडूनच तो आत शिरला होता. या कारखान्यात दवाखाना बनायचा. खरंच, अख्खा दवाखाना! एकेक खोली दारं, दिवे, ऑक्सिजनच्या नळ्या, संडास-बाथरूम यांच्यासकट इथं तयार करायची, ट्रेलरवर घालून दोनशे किलोमीटर न्यायची आणि तिकडे क्रेनने एकावर एक रचायची. दोन वर्षांचं काम आठ महिन्यांत. फीत कापणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं. फळी ठोकणाऱ्याला तो दवाखाना बघायलाही मिळत नाही.

मिस्त्रीचं काम फळीचं. कमोडशेजारी आजारी माणसाला धरून उठायला दांडी लागते. ती तिकडे गेल्यावर बसवतात, पण भिंतीच्या नुसत्या पातळ बोर्डात तिचे स्क्रू तग धरत नाहीत; म्हणून बोर्डामागे आधीच जाड फळी ठोकून ठेवायची. खोल्या यायच्या एक उजवी, एक डावी, आरशातल्यासारख्या. हातांना तेच वळण पडलं होतं. मात्र इमारतीच्या कोपऱ्यासाठी दोन डाव्या खोल्या लागोपाठ आल्या, आणि हातांनी डोक्याला न विचारता दुसरीतली फळी उजवीकडे ठोकली. आज सकाळी नवी डावी खोली समोर आली, तेव्हा मिस्त्रीला ती दुसरी खोली आठवली.

सुपरवायझर धावत आला. सुपरवायझर म्हणजे मिस्त्रीचा जावई. त्यानेच सासऱ्याला इथं लावलं होतं.

"मामा, प्लॅस्टिक कुणी फाडलं?"

"मी. फळी भलत्याच भिंतीत गेलीय. बोर्ड कापावा लागेल."

जावयाने आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "हळू बोला. क्रेन उद्या सकाळची ठरलीय. मोठे प्लग मारून बसवतील तिकडे दांडी. धरेल."

"किती दिवस?"

"मला काय माहीत! सहा महिने, वर्ष."

"आणि मग?"

"तुम्हाला आजच देव आठवला का हो?"

"देव नाही. म्हातारी आठवली. पाय लटपटतायत, नर्सला हाक मारायची लाज वाटतेय. सगळा भार त्या दांडीवर टाकून उठणार ती."

"कोण म्हातारी?"

"कुणाचीही."

जावयाने पुन्हा दाराकडे पाहिलं. मग खरं काय ते बाहेर आलं. बोर्ड लावण्याआधी उघड्या भिंतीचा फोटो काढून सही करायची, ही जबाबदारी त्याची. त्या दिवशी वरून घाई होती. त्याने आधीच्या खोलीचाच फोटो या खोलीच्या कागदाला जोडला होता.

"बोर्ड कापला की विचारणार, फोटोत फळी बरोबर आणि भिंतीत चुकीची कशी? तुम्हाला चार शिव्या बसतील, मामा. मला काढतील. तिला सातवा लागलाय, विसरलात?"

पोटच्या पोरीचा सातवा महिना कोणता बाप विसरतो?

ट्रेलरवाला खालून ओरडला, "काय हो, खोली न्यायचीय की आतच संसार थाटलाय?"

इथं मिस्त्रीला शूर ठरवायचा मोह होतो. तो शूर नव्हता. दहा मिनिटं उलट्या बादलीवर तसाच बसून राहिला. गप्प बसणं काय अवघड आहे? भिंत बोलत नाही, फळी बोलत नाही. वर्षभराने कुणीतरी पडेल, खुब्याचं हाड मोडेल, आणि सगळे म्हणतील, वयच झालं होतं.

मग तो उठला आणि कटर उचलला. जावयाने हात धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं, असंही मिस्त्रीला वाटून गेलं.

बोर्ड कापल्याचा आवाज अख्ख्या शेडमध्ये गेला. मोठे साहेब आले. कागद मागवला, फोटो पाहिला, भिंत पाहिली.

"साहेब, चूक माझी," मिस्त्री म्हणाला.

"तुमची कळली. मी यांच्याशी बोलतोय."

"फोटो मीच जोडला," जावई म्हणाला. एवढंच. सबब सांगितली नाही, सासऱ्याकडे बोटही दाखवलं नाही.

ट्रेलर तीन तास उशिरा सुटला. फळी योग्य भिंतीत होती, वर नवा बोर्ड, वर रंग. जावयाचं ओळखपत्र साहेबांच्या टेबलावर राहिलं.

पाच वाजता मिस्त्री फाटकाबाहेर आला. चालतच जायचं ठरवलं होतं. जावई मोटरसायकल सुरू करून उभा होता. पुढेच बघत होता.

"बसा."

मिस्त्रीने कॅरिअरला धरून पाय टाकायचा प्रयत्न केला. आज त्या पोराच्या अंगाला हात लावायची हिंमत नव्हती. दिवसभर वाकून गुडघा धरला होता. पाय अर्ध्यातच अडकला, तोल गेला.

जावयाने मान वळवली नाही.

"खांदा धरा, मामा. पडाल."