एक लांब स्क्रू

सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याच्या व्हायोलिनला आयुष्यभर नावं ठेवली. "सुरू झाली कटकट," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आजारपणाने ते अंथरुणाला खिळले, खाट नेमकी सरावाच्या खोलीला लागून आली, आणि नवऱ्याने मनावर घेतलं: या खोलीचा स्टुडिओ करायचा, आवाज बाहेर जाताच कामा नये. हे बापलेक हट्टाला पेटले की एकमेकांशी बोलत नाहीत, सुतार बोलावतात.

सुताराने जुन्या भिंतीपासून बोटभर जागा सोडून, रबराच्या तुकड्यांवर नवी चौकट उभी केली. आत दाट लोकरीच्या गाद्या भरल्या, वर जाड बोर्डाचे दोन थर चढवले. छतही तसंच, रबरी कड्यांना टांगलेलं. नव्या भिंतीने जुनीला कुठेही शिवायचं नाही, हीच त्या कामातली खरी मेख. शिवली की आवाज तिथून पलीकडे जातो.

दार लागलं आणि घर मुकं झालं. मला वाटलं, आता तरी सासरे सुखाने झोपतील. कसलं काय! त्यांचं जेवणावरून मन उडालं. सारखे विचारायचे, तो घरी आहे ना? आहे म्हटलं की भिंतीकडे तोंड वळवायचे. त्या हट्टी माणसाची मला कीव आली आणि रागही आला. तोंड उघडून सांगायला काय झालं होतं?

एका दुपारी औषध घेऊन गेले, तर ते भिंतीला हात लावून पडले होते. मला पाहताच त्यांनी हात पांघरुणात ओढला. मी त्याच जागी तळवा टेकवला. भिंत थरथरत होती; कान जवळ नेला तर आतलं व्हायोलिन ऐकू येत होतं. बारीक, पण पुरतं.

सुताराला विचारलं तर तो ओशाळला. एक स्क्रू लांबीला जास्त होऊन जुन्या भिंतीत घुसला असणार, काढून देतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. पण त्याला चैन पडेना. त्याने नवऱ्याला सांगून टाकलं.

नवरा स्क्रू काढायला पेचकस घेऊन तडक निघाला. मी त्याला थांबवलं, आत त्याचंच एक रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, "आधी बाबांच्या खोलीतून ऐक."

सासरे दाराकडे पाठ करून पडले होते. तळवा भिंतीवर, एक बोट ठेका धरत होतं. नवरा उंबऱ्यातच थबकला. मी पुढे गेले. माझी चाहूल त्यांना लागली.

"सूनबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "आज फार छान वाजवतोय. त्याला सांगू नकोस."

नवऱ्याने पेचकस खिशात टाकला आणि पाय न वाजवता परत गेला.

जरा वेळाने रेकॉर्डिंग थांबलं. भिंतीवरचं बोट अधांतरी राहिलं. मग पुन्हा व्हायोलिन सुरू झालं. या वेळी पहिलाच सूर हलला.

"सुरू झाली कटकट," सासरे म्हणाले. हात त्यांनी भिंतीवरच ठेवला.