चौदा आकड्याचं घर

देवेशची चाळणी सोपी होती. घराची किंमत घ्यायची, तिला वर्षाच्या भाड्याने भागायचं. भागाकार पंचवीसच्या वर गेला की त्या घराचा जिनासुद्धा चढायचा नाही. आकडा जितका लहान, तितकी किंमत लवकर वसूल. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, सगळी घरं चाळणीवरच अडकली होती. कुणी बत्तीस, कुणी छत्तीस. आणि मग दहिसरचं एक खाली पडलं. चौदा!

"आई, लॉटरी आहे ही," देवेश म्हणाला.

प्रेमाचाही जीव हलका झाला. खाजगी शाळेत जन्म गेला, पेन्शन नाही. नवऱ्यामागे आलेले आणि स्वतःचे साठलेले सगळे पैसे या एका घरात घालायचे होते, त्याच्या भाड्यावर उरलेलं आयुष्य काढायचं होतं. मुलापुढे हात पसरायचा नव्हता.

एजंट निलेशने दार उघडलं, आणि ओल्या कपड्यांचा, पावडरीचा, शिळ्या श्वासाचा भपका अंगावर आला. हॉलमध्ये प्लायवूडचे आडोसे, आडोशाआड खाटा. ओट्याखालीही कुणाची तरी वळकटी. भरदुपारी एका खाटेवर एक मुलगी डोळ्यांवर हात घेऊन गाढ झोपली होती. तिच्या पायथ्याशी दुसरी, दवाखान्याच्या गणवेशात, भिंतीला डोकं टेकून बसलेली. डोळे लालबुंद.

"काय गं, बरं नाही?" प्रेमाने विचारलं.

"ताप आहे, काकी. आज लवकर सोडलं." मुलीचं नाव चेतना. वॉर्डात कामाला होती.

"मग आडवी हो ना."

"खाट हिचीये आता. हिची रात्रपाळी असते ना, म्हणून ही दिवसा झोपते. ही उठली की मी."

"उठव की तिला!"

"असं कसं? तीपण पैसे भरते."

एक उठते, दुसरी निजते. या घरात उशी कधी गार होत नाही. प्रेमाने खाटेला टेकलेला हात झटकन काढला. चादर कोमट होती.

निलेश खुशीत होता. "एका खाटेला दोन पोरी, काकी. म्हणून तर चौदा आला! गॅलरी पॅक केली ना, अजून एक खाट बसेल. मग सरळ बाराच्या आत."

प्रेमाने गॅलरीकडे पाहिलं. आडवी बसेल, तिच्या मनात आलं, कपडे वर वाळत घालता येतील. आणि दुसऱ्याच क्षणी घशाशी आंबट आलं. पदर नाकाला लावून ती जिना उतरली. पण वास तर आता तिच्याच अंगाला येत होता.

देवेश मागोमाग धावला. "टोकन द्यायचंय आई! संध्याकाळी दुसरी पार्टी देतेय. आपण नाही घेतलं म्हणून पोरींना काय पलंग मिळणारे?"

"नाही मिळणार."

"मग?"

"मग काय? तापाने फणफणलेली पोर बसवून ठेवायची, आणि मी तिच्या पैशाचं वरण-भात ओरपायचं? शी!" ती थांबली. "एका कुटुंबाचं भाडं धर. अठरा हजार. भाग."

त्याने मोबाईलवर भागलं. "बत्तीस. म्हणजे जिनाच चढायचा नाही."

"नको चढूया."

"ग्रेट! आणि दर महिन्याला खाणार काय तू?"

वरून निलेशचा फोनवरचा आवाज येत होता. "चौदा, सर. गॅरंटी. आजच या."

"तुझ्याकडे मागेन," प्रेमा म्हणाली. हे शब्द उच्चारायला लागू नयेत म्हणूनच तर ही सगळी वणवण होती. "देशील?"

त्याचा अंगठा मोबाईलवर तसाच होता.

"किती?" त्याने विचारलं.

"भाग की," ती म्हणाली, आणि गटाराच्या कडेला बसून भडभडा ओकली.