वरच्या मजल्यावरचं ऊन

अकरा दिवस सूर्याचं तोंड दिसलं नव्हतं. बाराव्या दिवशी आभाळ उघडलं, पण ते वरच्या मजल्यापुरतंच. समोरच्या उंच गोदामामुळे खालच्या मजल्यावर हिवाळाभर उन्हाचा कवडसाही पडत नसे. वर राहायची थोरली जाऊ, खाली धाकटी. धाकटी लोकांचे कपडे शिवायची. तिच्या मशीनच्या खडखडाटानं डोकं उठतं म्हणून थोरली वरून काठी आपटायची. त्यावरून एकदा जुंपली, आणि पुढची चार वर्षं बोलणं जेवढ्यास तेवढं राहिलं.

म्हणून नवऱ्यानं निरोप आणला तेव्हा धाकटीचे कान टवकारले.

"वहिनी म्हणाली, दुपारी वर उन्हात बसायला ये."

"का?"

"ऊन आहे म्हणून."

"चार वर्षं नव्हतं का ऊन?"

नवऱ्यानं वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. या दोघींच्या मध्ये पडून त्याचे हात आधी पोळले होते.

धाकटीनं मनाशी ताळा जुळवला. मोठे दीर गेले, घर अजून दोघा भावांच्या नि दोघी जावांच्या नावावर. पुतण्याला ते विकायचं असणार, त्यासाठी हवी सही, सहीसाठी ही साखरपेरणी. जाऊच नये झालं. पण थंडीनं बोटं अशी आखडली होती की आठ दिवस सुई धरवत नव्हती. शेवटी शाल गुंडाळून ती निघाली. चष्मा मात्र मुद्दाम खाली ठेवला. वाचता येत नाही म्हटलं की सही टळते.

खिडकीत दोन खुर्च्या होत्या. धाकटी काठावर टेकली. चहा आला तरी थोरलीनं घोट घेईपर्यंत तिनं कप उचलला नाही. कपाटावर एक जाडजूड पाकीट दिसत होतं. तेच असणार.

एवढ्यात ऊन गुडघ्यांवर आलं. मग मांडीवर, मग थेट बोटांवर. कित्येक दिवसांनी मूठ पुरती उघडली. धाकटीनं मनातल्या मनात हात जोडले. कुणाला, ते ठरवलं नाही.

थोरली उठली, पाकीट घेतलं, घडी घातली आणि स्वतःच्या खुर्चीच्या पायाखाली सारलं. "मेली डुगडुगते," ती म्हणाली.

धाकटीला राहवेना. "ताई, काम काय आहे ते एकदाचं सांगून टाका."

"कसलं काम? आठ दिवस तुझं मशीन बंद. म्हटलं हात धरले असतील थंडीनं."

"आवाजाचा त्रास व्हायचा ना तुम्हाला?"

"व्हायचाच. पण आता दुपारी डोळा लागत नाही. कान खालीच."

धाकटीनं विचारलंच. "आणि तुमचा मुलगा काय म्हणतो? घराबद्दल?"

"त्याला घराची पडलीय कुठे? रविवारी फोन करतो, तेवढंच."

यात खरं किती, हे धाकटीला कळेना. पण खोटं बोलताना थोरली नाक चोळते, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं, आणि थोरलीचे दोन्ही हात कपाभोवती होते.

ऊन सरकलं तशा दोघींनी खुर्च्या भिंतीकडे ओढल्या.

"उद्या काजं-बटणांचं काम वरच घेऊन ये," थोरली म्हणाली.

"बघते. ऊन असलं तर," धाकटी म्हणाली, आणि खुर्चीत जरा मागे रेलून बसली.