किरणाच्या वाटेत

हातानो सर येणार म्हणून आमच्या प्रयोगशाळेत आठवडाभर नुसती धावपळ चालली होती. मंत्रालयाचे लोकही येणार होते, पण त्यांची फिकीर आमचे प्रमुख कुवाबारा सर यांना. ओरिए निशिवाकीला काळजी होती ती म्हाताऱ्या हातानो सरांची. प्रकाशापासून टेराहर्ट्झ लहरी, म्हणजे रेडिओपेक्षा कितीतरी बारीक लहरी, तयार करणारी कणीएवढी चकती हातानो सरांनी तरुणपणी घडवली, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. ओरिए त्यांची शेवटची विद्यार्थिनी. आता सर ऐंशीच्या पुढे गेले होते आणि लेकीकडे कागोशिमाला कायमचे राहायला निघाले होते. जाण्याआधी त्यांना त्यांच्या चकतीतून निघून हवेतून आलेलं चित्र दाखवायचंच, असा तिने ध्यास घेतला होता.

मांडणी दिसायला साधी. टेबलाच्या एका टोकाला लहरी सोडणारं यंत्र, दुसऱ्या टोकाला त्या झेलणारं. दोन्हीकडे राबायचा तो लेझरचा प्रकाश, आणि मधल्या मोकळ्या हवेतून जायचा डोळ्यांना न दिसणारा किरण. ऑफिसातल्या माशांच्या टाकीवर कॅमेरा लावला होता. तिथले लाल मासे हवेतून येऊन पडद्यावर पोहायचे. आदल्या दिवशी ते दिवसभर पोहले. पाहुणे यायच्या सकाळी मात्र रुसले. चकतीवर लेझरचा प्रकाश सोडणारा काचेचा तंतू केसभर जरी सरकला तरी सगळं मुकं होतं, आणि त्या दिवशी तो सरकतच होता.

कुवाबारा सर घड्याळ बघत म्हणाले, "चाचणीची केबल जोडून टाक. चित्र तिच्यातून येऊ दे."

"पण हातानो सर..."

"काल हवेतून आलं होतं ना? मग खोटं काय त्यात? कालचंच तर दाखवतोय आपण."

ओरिएने टेबलाच्या मागच्या बाजूने केबल जोडली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणी चकार शब्द काढला नाही. असल्या वेळी आमच्याइतकी आज्ञाधारक माणसं शोधून सापडायची नाहीत.

पाहुणे आले, बूट काढून सपाता घालून ओळीत उभे राहिले. पडद्यावर मासे झकास पोहत होते. कुवाबारा सरांनी हातानो सरांची ओळख करून दिली, तसे म्हातारबुवा टेबलापाशी पुढे आले आणि सवयीप्रमाणे सगळ्यांना नमस्कार करायला चांगले कमरेत वाकले. त्यांचं डोकं थेट दोन यंत्रांच्या मधोमध आलं.

माणसाच्या अंगात पाणीच पाणी. पाणी हा किरण शोषून घेतं, साध्या तळहातानेही तो अडतो. पडदा त्याच क्षणी काळा व्हायला हवा होता. मासे आरामात पोहत राहिले. आम्ही सगळे आपापल्या सपाता न्याहाळू लागलो.

सर ताठ झाले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग ओरिएकडे. तिने मान खाली घातली.

मंत्रालयाचे मिनोवा साहेब मात्र खूश झाले होते. मध्ये माणूस आला तरी चालतं म्हणजे, आम्हाला तर वेगळंच सांगितलं होतं, असं म्हणत ते कुवाबारा सरांकडे वळले. कुवाबारा सर नुसते हसले. मग साहेबांनी हातानो सरांनाच विचारलं.

सरांनी कमरेवर हात ठेवला. "नाही, अडतो तो. माझंच चुकलं. हल्ली कंबर धरते. मी नीट वाकलोच नाही, डोकं किरणापर्यंत पोचलं नसणार."

मिनोवा साहेबांनी समजुतीने मान डोलावली. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण झाडूवाल्या बाईलाही कमरेत वाकून नमस्कार करणारा हा माणूस आपल्यापायी चार परक्यांसमोर असं बोलतो, हे ओरिएला सोसेना. ती टेबलाला वळसा घालून गेली आणि तिने केबल उपटली. पडदा काळा झाला.

"सरांचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "चित्र केबलमधून येत होतं. मी जोडली होती."

कुणाच्या सांगण्यावरून, ते तिने सांगितलं नाही. कुवाबारा सरांनीही सांगितलं नाही.

आता सगळे आपल्याकडे बघतील, अशी तिने मनाची तयारी केली होती. तिला खरं तर हलकं वाटलं होतं. पण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. मिनोवा साहेब हातानो सरांकडे बघत होते. ज्याने ही चकती घडवली त्याला आपलं डोकं किरणात होतं की नव्हतं हे कळलं नसेल, यावर कोण विश्वास ठेवणार? म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते आणि हात उगाचच खिशात रुमाल शोधत होते. आपण काय करून बसलो ते ओरिएला तेव्हा कळलं. तिचं खोटं तिने निस्तरलं होतं, सरांचं मात्र उघडं पाडलं होतं.

पाहुण्यांनी चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि गेले. ओरिए सरांना सोडायला फाटकापर्यंत गेली. टॅक्सीचं दार आपोआप उघडलं. सर आत बसले, पाय आत घेतले. माफी मागायला ती दाराशी कमरेत वाकली.

"खरं बोललीस, बरं केलंस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोसला असता. "फक्त मी तोंड उघडायच्या आधी बोलायचं होतंस, पोरी."