नरसिंगबाबांचा ओला अंगठा

बुद्धप्रियाचं लग्न लोह्याच्या मंगल कार्यालयात लागलं, ते साल २०१९. त्याच महिन्यात मी नांदेडच्या या घरात आलो. मी एक जुना टॅब आहे. पाच-सहा वर्षांच्या वस्तूनं स्वतःला जुनं म्हणावं याचं तुम्हाला हसू येईल. पण मित्रांनो, आमच्यात दोन वर्षांत म्हातारपण येतं आणि तिसऱ्या वर्षी कपाट येतं.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. तिथं सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे हजार होते. आपल्यावाचून कुणाचं तरी अडलंय, असं प्रत्येकाला वाटत होतं. कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

मला आणलं धम्मदीपनं. हा बुद्धप्रियाचा थोरला भाऊ, बँकेत नोकरीला. बहिणीच्या लग्नाचे फोटो पाहुण्यांना मोठे दिसावेत, एवढ्यासाठी त्यानं मला घेतलं. त्याची बायको मनिषा शाळेत शिकवते. तिनं माझा खोका उघडायच्या आधीच तोंड उघडलं.

"फोन हाय हातात, लॅपटॉप हाय टेबलावर. आन् ह्ये तिसरं कुठं ठिवता, डोक्यावर?"

"अगं, निवांत पडून वाचता येतं याच्यावर."

"तुम्ही पडलात की घोरता. वाचता कवा?"

मनिषाचंच खरं ठरलं. पाहुण्यांनी फोटो पाहिले, 'लई झ्याक' म्हणाले आणि जेवायला बसले. धम्मदीपनं माझ्यावर चार पानं वाचली आणि मग पंधरा दिवस क्रिकेट पाहिलं. त्यानंतर त्यानं मला इस्त्रीच्या शर्टांखाली ठेवून दिलं.

फोनबद्दल मी काय सांगू? दिवसभर कुणाच्याही खिशात शिरणारा, वेळ-काळ न पाहता ओरडणारा हा लोचट प्राणी. लॅपटॉप म्हणजे कचेरीतला कारकून. उठायला वेळ लावतो, उठला की तापतो आणि वायरचं शेपूट लावल्याशिवाय तासभर काम करत नाही. आणि मी त्या दोघांच्या मधला. खिशात मावत नाही, कामाला पुरत नाही. हे दोघं घरात असताना तुला घ्यावं का, असं मला कुणी विचारलं असतं तर मीच नको म्हणालो असतो. पण दुकानात वस्तूचं मत कुणी विचारत नाही.

कपाटात साडेचार वर्षं गेली. मग २०२४ च्या आषाढात घरात एक अडचण उभी राहिली.

धम्मदीपचे वडील नरसिंगबाबा. उभं आयुष्य त्यांनी देगलूर रस्त्यावर गँगमध्ये खडी फोडण्यात आणि मैलाच्या दगडांना चुना लावण्यात घालवलं. दगडावर काय लिहिलंय ते त्यांना कळत नव्हतं. एकेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात ते अक्षरं शिकले आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन त्यांनी पहिला शब्द वाचला, 'नायगाव'. त्याच दगडाला त्यांनी तोवर अठरा वेळा चुना लावला होता.

पुढं वस्तीतल्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन त्यांच्याकडं आलं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी, सलग सतरा वर्षं. ती बैठक हाच त्यांचा मान होता. दुसरं काही त्यांनी कमावलं नव्हतं आणि मागितलंही नव्हतं. आता डोळ्यांत जाळं आलं होतं. मागच्या वर्षी त्यांनी एक ओळ दोनदा वाचली आणि एक पान सोडलं. विहारातले धम्मानंद गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. ते गोड बोलून म्हणाले, "दादा, यंदा तुम्ही ऐकायला बसा. मी वाचतो."

गुरुजी ग्रंथ वाचतात तो हजेरी घेतल्यासारखा. पण चष्मा लावला की त्यांना नीट दिसत होतं.

बाबा घरी आले आणि जेवले नाहीत. मनिषानं सासऱ्यांपुढं ताट सरकवलं. "मामा, दोन घास तरी."

"अक्षरं शिकलो तवा लोक हसले," बाबा म्हणाले. "आता इसरायला लावून राहिलेत."

मनिषानं दोन रविवार खपून ग्रंथाच्या पानापानाचे फोटो फोनवर काढले. गुरुजींकडून चार दिवसांची सवड मागून घेतली आणि विहारात वाचायला आधी फोनच दिला. अक्षर मोठं केलं की ओळीत तीन शब्द मावायचे. त्यात पहिल्याच दिवशी, बाबा पंचशीलावर असताना, फोननं कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं लावलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चौरंगावर मांडला. त्याचा पडदा बाबांच्या डोळ्यांपासून हातभर लांब. वाकून पाहायला गेले तर कोपर कळांवर पडलं आणि ग्रंथ गायब झाला. गुरुजी खोकले. मित्रांनो, त्या दोघांची ही फजिती घरी बोलली गेली, ती मी कपाटातून ऐकली आणि मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी मनिषानं मला शर्टांखालून काढलं, ओढणीनं पुसलं आणि सगळी पानं माझ्यात भरली. एकेक अक्षर बोराएवढं दिसू लागलं. बाबांनी मला मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता या लोकांना माझी किंमत कळेल.

बाबांनी पहिलं पान नीट वाचलं. मग अंगठा जिभेला लावला आणि तो ओला अंगठा माझ्या काचेवर फिरवला.

मला शिसारी आली. ओलं बोट मला कळतच नाही. मी एकदम चार पानं पुढं गेलो, मागं आलो, मग एकच अक्षर पडदाभर करून बसलो. बाबांनी पुन्हा अंगठा चाटला.

साखराबाई पुढच्याच रांगेत बसायच्या. त्या ओरडल्या, "ओ नरसिंगदादा, त्याला चाटू नगा, करंट बसंल!"

सगळा विहार हसला. गुरुजींनी ग्रंथ पुढं ओढला. "दादा, आजच्यापुरतं मी घेतो. उद्याचं उद्या बघू."

उद्याचं काय होणार हे बाबांना कळलं होतं.

घरी मनिषानं त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, "मामा, थुकी लावायची न्हाई." ते 'हाव' म्हणून मान हलवायचे आणि पान संपलं की अंगठा जिभेकडं जायचाच. शेवटी तेच म्हणाले, "पोरी, मुकादम हजरीचं मस्टर उलटायचा तवा असंच करायचा. मी ल्हानपणापासून बगायचो. मला वाटायचं, वाचता येनाऱ्या मानसाचं ह्येच लक्षण. अक्षरं शिकलो त्या दिवशी पयला अंगठा चाटला. आता त्यो कसा सोडू?"

मी मनात म्हटलं, या अडाण्यापुढं मला बसवलंय. मनिषा मात्र उठली. मग तिनं कागदी ग्रंथ आणून चौरंगावर उजव्या हाताला ठेवला आणि मला डाव्या हाताला.

"मामा, उजव्या हातानं गरंथाचं पान उलटा, तुमच्या रिवाजानं. डाव्या हाताचं कोरडं बोट ह्याच्यावर फिरवा. दोन्ही संगंच."

दुसऱ्या दिवशी बाबांनी गुरुजींच्या आधी जाऊन जागा धरली. पान संपलं. अंगठा जिभेला लागला, कागद उलटला आणि डावं बोट माझ्यावरून हळूच सरकलं. मी पुढचं पान दाखवलं. ओळ चुकली नाही. गुरुजी शेवटपर्यंत चष्मा पुसत बसले.

नंतर साखराबाई म्हणाल्या, "दादा, आज मैलाचा दगड वाचल्यावानी वाचलं तुम्ही. लांबून दिसलं."

त्यानंतर एकही संध्याकाळ चुकली नाही. फोटो फोननं काढले होते, ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. आणि हेही कबूल करतो की मी काही मोठं केलं नाही. एका कागदाची अक्षरं मोठी करून दाखवली, बस. पण माझ्या सगळ्या जन्मात कामाचे दिवस मोजले तर तेवढेच भरतात.

आता मी शोकेसमध्ये आहे. अंगावर क्रोशाचा रुमाल, शेजारी बाबांचा हार घातलेला फोटो. पाहुणे आले की धम्मदीप सांगतो, "बाबांसाठी म्हणून मुद्दाम घेतला होता." मनिषा त्याच्याकडं नुसती बघते. माझी बॅटरी केव्हाच संपली आहे.

मित्रांनो, घरात फोन आहे, लॅपटॉप आहे, मग तिसरं घ्यावं का, असं तुम्ही विचारत असाल तर आधी घरात फिरून या. कुणी वाचायला बसतं का आणि त्याला अक्षर दिसतं का, ते बघा. तसं कुणी नसेल तर मला दुकानातच राहू द्या. पडून क्रिकेट बघायला तुमचा तो लोचट फोन पुरेसा आहे. असं कुणी असेल तर मात्र माझ्यासारखा एखादा आधी कपाटातून काढा, पुसा, चार्ज करा. मला रुमाल नको, हाराशेजारची जागा नको. चालू केलं की बाबा जिथं थांबले तेच पान मी पहिलं उघडीन. पुढची पानं माझ्यात तशीच आहेत.

नरसिंगबाबा १३ ऑक्टोबर २०२४ ला, रविवारी सकाळी वारले. आश्विन पौर्णिमेला चार दिवस उरले होते आणि ग्रंथाची एकोणीस पानं.